तुम्ही खंयचे? गोव्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी गोव्यातल्या माणसांशी झालेल्या गप्पा लिहिल्या होत्या. चोडणच्या फेरीबोटीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, आमच्या माशेलच्या बसथांब्यावर भेटलेली ही माणसं. त्यात मी म्हटलं होतं, की गोंयकार आपली ओळख आधी गावाने सांगतो, मग घराण्याने. धर्म, भाषा आणि पक्ष यांची पाळी त्यानंतर येते. नवा माणूस भेटला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो ‘तुम्ही खंयचे?’, म्हणजे कुठले, असाच. त्या लेखावर बरीच पत्रं आली. काही मायेची, काही रागाची. माझा जन्म डिचोली तालुक्यातला, नोकरी टपाल खात्यात, त्यामुळे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या गावांत राहणं झालं. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. जागा आहे तेवढ्यात लिहिते.

प्रश्न : तुमच्याकडे मराठी वर्तमानपत्रं खपतात, देवळात मराठी अभंग होतात, जत्रेला मराठी नाटक असतं. मग 1967 साली महाराष्ट्रात यायला गोव्याने नकार का दिला? आम्हाला ती गोष्ट अजून लागते. – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

तुमच्या पिढीने संयुक्त महाराष्ट्र झगडून मिळवला, म्हणून तुम्हाला हे लागणं स्वाभाविक आहे. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत आहे : जिथे मराठी वाचली जाते ती जमीन महाराष्ट्राची. गोव्यातल्या माणसाने तो हिशेब तसा मांडला नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. पर्याय दोनच. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर शिक्का म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. आमच्या डिचोलीच्या बाजूला, सत्तरीत, पेडण्यात, फोंड्यात फुलाचा जोर. सासष्टीत दोन पानांचा. आमच्या वाड्यावर घराघराच्या भिंतीवर कावेने फूल काढलेलं मला आठवतं. शेवटी दोन पानांना 1,72,191 मतं पडली आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. म्हणजे फुलाला मत देणारेही थोडेथोडके नव्हते. तुम्ही जसं वाचलंय तसं ‘गोव्याने एकमुखाने महाराष्ट्र नाकारला’ असं झालं नाही.

फूल कोणी मारलं आणि का, हे मी आमच्या शेजारच्या एका आजोबांना पुष्कळदा विचारलंय. ते त्या वेळी विशीत होते, कूळ म्हणून भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, शेतं कसत होते, घरही भाटकाराच्या जमिनीत. ते म्हणायचे, ‘भाऊसायबान आमकां शाळा दिली, म्हूण फूल मारलें.’ भाऊसाहेब म्हणजे दयानंद बांदोडकर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. पोर्तुगिजांच्या काळात खेड्यातल्या बहुजनाच्या मुलाला शिकायचं तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून ठेवलेला मराठी मास्तर, नाहीतर काही नाही. भाऊसाहेबांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आजोबांना विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या मुठीतून कायमची सुटका वाटत होती. त्यांच्या लेखी महाराष्ट्र हा नकाशावरचा प्रांत नव्हता; तिथे कुळाला कायदा होता, एवढं त्यांना पुरे होतं.

दोन पानांची बाजू मी नोकरीत कुंकळ्ळीला गेले तेव्हा ऐकली. आमच्या कचेरीत पेन्शन घ्यायला येणारी एक बाई, ख्रिस्ती, शेतकरी घरातली. ती म्हणायची, ‘आमचें गोंय मुंबयक कित्याक दिवप?’ मुक्तीनंतर कचेऱ्यांत बाहेरून आलेल्या साहेबांची भाषा तिला कळत नव्हती आणि तिची त्यांना. विलीनीकरण झालं तर सगळ्या नोकऱ्या बाहेरचे घेतील ही भीती होती. आपली भाषा बोली म्हणून बाजूला टाकतील ही भीती होती. आणि रेंदेराच्या घरात तर सरळ पोटाचा प्रश्न होता : महाराष्ट्रात दारूबंदी, मग माडावर चढून सूर काढणाऱ्याने काय करायचं? दोन पानांच्या बाजूला ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते हे खरं, पण नुसत्या ख्रिस्ती मतांवर तो कौल लागला नसता. हिंदूंनीही दोन पानं मारली, तेव्हाच आकडा तिथे पोचला.

आता यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगते. कौलाच्या आधी बांदोडकरांचं सरकार राजीनामा देऊन बाजूला झालं होतं. कौल हरल्यावर काही महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिलं. ज्या पक्षाचं नावच महाराष्ट्रवादी, त्याची मुख्य मागणी नाकारली आणि राज्य मात्र त्याच्याच हाती दिलं. बाहेरच्याला हे विसंगत वाटतं. मला ते अगदी सुसंगत वाटतं. लोकांना बहुजनांचं राज्य हवं होतं, मराठी शाळा हवी होती, कुळाचा कायदा हवा होता, आणि हे सगळं स्वतःच्या घरात हवं होतं. भाऊसाहेबांनीही निकाल मान्य केला आणि 1973 ला जाईपर्यंत ते राज्य चालवत राहिले.

आमचे ते आजोबा शेवटपर्यंत भाऊसाहेबांची तसबीर देवघराशेजारी लावून होते. पण म्हातारपणी कोणी विलीनीकरणाचा विषय काढला की ते हात हलवून ‘नको’ म्हणायचे. कारणही द्यायचे. आमच्या एका विधानसभा मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार असतात. आमदार बाजारात मासळी घेताना भेटतो. नळाला पाणी नसलं तर लोक सकाळी सहाला त्याच्या अंगणात उभे राहतात. लहान राज्याचे तोटे पुष्कळ आहेत, पक्षांतरं तर आमच्याइतकी कोणी पाहिली नसतील. पण दाराशी जाऊन जाब विचारता येतो, आणि ज्याने शंभर वर्षं कोणालाच जाब विचारला नव्हता त्या घराला याची किंमत कळते.

तेव्हा, काका, तुम्हाला नकार दिला असं मनात ठेवू नका. तो कौल तुमच्याविरुद्ध नव्हता.

प्रश्न : तुम्ही मराठीत इतकं लिहिता, आणि स्वतःची मातृभाषा कोकणी सांगता. हे दुटप्पी नाही का? – एक वाचक, नागपूर

नाही. माझ्या आईने मला कोकणीत वाढवलं आणि तिनेच संध्याकाळी मराठीत हरिपाठ शिकवला. जेवायला बोलावताना ती ज्या भाषेत हाक मारायची ती माझी मातृभाषा. जनगणनेला मी तीच लिहिते. ज्या भाषेत मी वाचायला शिकले ती मराठी, आणि तिच्यावर माझा हक्क आहे असं मी मानते. फोंडा, डिचोली, पेडण्याच्या बाजूची हजारो घरं अशीच आहेत. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या शंभरातल्या सुमारे सहासष्ट जणांनी मातृभाषा कोकणी सांगितली आणि अकराजणांनी मराठी. पण ज्यांनी कोकणी लिहिली त्यांच्या दारात सकाळी मराठी पेपर पडतो, हे त्या आकड्यात दिसत नाही.

भाषावादाच्या वेळी कुठे होतात, असं तुम्ही विचारलंय. मी टपाल कचेरीच्या खिडकीत होते. राजभाषा कोकणी की मराठी, या वादावरून 1986 च्या डिसेंबरात गोवा पेटला. रस्ते झाडं टाकून अडवलेले, टपालाच्या थैल्या अडकून पडलेल्या. त्या आंदोलनात सात जणांचे जीव गेले. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला : देवनागरीतली कोकणी ही राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. कचेरीत आमचे दोन सहकारी, एक कोकणीवादी, एक मराठीवादी. एकाच टेबलावर ठसे मारायचे, एका डब्यातलं जेवायचे, आणि त्या महिन्यांत एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही एकाच गावचे, एकाच देवाचे. पुढे एकाच्या मुलीच्या लग्नात दुसरा वाढायला उभा राहिला, पण तो विषय दोघांनीही पुन्हा कधी काढला नाही.

या भांडणात एका घराकडे कोणाचं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. म्हापशाला असताना माझ्या खिडकीत तारवट्यांच्या आया यायच्या, ज्यांचे मुलगे जहाजांवर. पत्रं कोकणीत, पण रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. एका आजीला डोळ्यांनी दिसेना, तिला मुलाची पत्रं वाचून दाखवता यावीत म्हणून मी रोमी वाचायला शिकले. प्रार्थना रोमीत, तियात्राची, म्हणजे कोकणी नाटकाची, जाहिरात रोमीत, लेकाचं पत्र रोमीत. आणि कायद्यात कोकणी म्हणजे फक्त देवनागरीतली. त्या आजीचं म्हणणं होतं, की आम्ही भाषेसाठी रस्त्यावर आलो आणि आमचीच अक्षरं दाराबाहेर राहिली. मी देवनागरीची माणूस आहे, तरी तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. रोमीला मान मिळायला हवा होता.

मला आज जास्त काळजी वेगळीच आहे. 1990 मध्ये सरकारने ठरवलं, की प्राथमिक शाळेला अनुदान मराठी किंवा कोकणी माध्यम असेल तरच. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते खुलं झालं. भाऊसाहेबांनी काढलेल्या शाळांत आज कित्येक ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी मुलं आहेत. कोकणीवाल्याचा नातू इंग्रजी शाळेत आणि मराठीवाल्याचाही. माझ्या वाड्यावरची मुलं खेळताना हिंदीत भांडतात. मी त्यांना अंगणात बसवून गोष्टी सांगते, एक दिवस कोकणी, एक दिवस मराठी. दोन्ही भाषांच्या कैवाऱ्यांनी गावच्या शाळेत आठवड्याला एक तास जरी दिला, तरी मी त्यांच्या पाया पडेन.

प्रश्न : गोव्यातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन विलायतेला जातात असं वाचलं. मग त्यांना भारतीय म्हणायचं का? – एक वाचक, सोलापूर

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, म्हणून नीट सांगते.

19 डिसेंबर 1961, म्हणजे गोवा मुक्तीच्या दिवसापूर्वी, गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक मानतो, आणि त्याच्या मुलानातवंडांनाही तो हक्क मिळवता येतो. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनला करावी लागते. या वाटेने ख्रिस्ती गेले, तसे हिंदू आणि मुसलमानही गेले. आमच्या माशेलच्या आसपासची हिंदू घरं मी तुम्हाला दाखवू शकते. जाणारे बहुतेक पोर्तुगालला राहतच नाहीत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत त्या पासपोर्टवर तिथे काम करता यायचं, म्हणून ते तिकडे गेले. स्विंडन नावाच्या एका शहरात गोंयकारांची मोठी वस्ती आहे. गोदामात पेट्या भरायच्या, रात्रपाळी करायची, थंडीत उभं राहायचं, असलं ते काम. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगीज झालं की इथलं मत जातं. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यातल्या एकाशी मी बोलले. सासष्टीतला सुतार, पन्नाशी ओलांडलेला, सुट्टीत गावच्या फेस्ताला आला होता. त्याने सांगितलं, की मुलीच्या शिक्षणाचं कर्ज होतं आणि इथे महिन्यातले दहा-बारा दिवसच काम मिळत होतं. पासपोर्ट बदलला त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, आता पंचायतीच्या निवडणुकीत माझं मत नाही. मला सांगा, याला तुम्ही कुठल्या तराजूत तोलणार? कोल्हापूरचा, साताऱ्याचा मुलगा अमेरिकेचा नागरिक होतो तेव्हा आपण पेढे वाटतो. सुताराला तो नियम वेगळा का?

आणि निष्ठेबद्दल. 18 जून 1946 ला मडगावला राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंगाला हात घातला, तेव्हा त्यांच्याबरोबर होते डॉ. जुलियांव मिनेझिस, असोळण्याचे. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ज्यांना आम्ही मानतो ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा. त्यांना पोर्तुगिजांनी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं. दोघेही ख्रिस्ती. ही नावं महाराष्ट्रातल्या शाळांत पोचली असती तर कदाचित तुम्हाला हा प्रश्न पडला नसता. यात दोष तुमचा नाही.

प्रश्न : शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असं तुम्ही लिहिलंत. हे खरोखर लोक मानतात, की पर्यटकांसाठी सांगतात? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मानतात. सात बहिणी, त्यातली एक ख्रिस्ती झाली, असं आमच्या आज्या सांगत आल्या. ईस्टरनंतर म्हापशाला सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त असतं. हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. मी तिथे नोकरीला असताना दरवर्षी जायचे. वैशाखात शिरगावला लईराई देवीची जत्रा भरते. धोंड, म्हणजे देवीचे भक्त, उपास धरून, हातात वेताची काठी घेऊन येतात आणि पहाटे होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. या बहिणींमध्ये मोगऱ्याची फुलं आणि तेल यांची देवाणघेवाण होते, असं लोक सांगतात.

पण तुम्हाला गोंयकाराचं मन समजून घ्यायचं असेल तर मी कुंकळ्ळीच्या छत्र्या पाहायला सांगेन. 1583 मध्ये कुंकळ्ळीकरांनी जेझुइट पाद्र्यांविरुद्ध उठाव केला, कारण त्यांची देवळं पाडली गेली होती. त्यात पाच पाद्री मारले गेले. पुढे बोलणी करायला म्हणून गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार मारलं. जमिनी गेल्या. शांतादुर्गा फातर्प्याला नेली, तीच आजची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. गावातले कित्येक ख्रिस्ती झाले. आणि तरी दरवर्षी शिगम्यात फातर्प्याहून कुंकळ्ळीला छत्र्यांची मिरवणूक येते, गुलाल उधळत, देवीच्या मूळ गावी. बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या. त्या वांगडांतले ख्रिस्तीही मिरवणुकीच्या स्वागताला उभे असतात, कारण वांगड त्यांचंही आहे. धर्म बदलला, गावकरपण बदललं नाही. कुंकळ्ळीला माझ्या कचेरीतला पोस्टमन ख्रिस्ती होता. छत्र्यांच्या दिवशी तो रजा मागायचा. अर्जात कारण लिहायचा : ‘घरचो उत्सव’.

मी गेल्या लेखात गाव आधी म्हटलं ते याच अर्थाने. चारशे वर्षांपूर्वीच्या जखमा आम्हाला ठाऊक आहेत, त्या कोणी पुसायला सांगू नयेत. पण त्या उकरून आज शेजारच्या माणसाला जबाबदार धरायला कोणी बाहेरून येऊन शिकवू लागलं की माझ्या जिवाची तगमग होते. ज्यांनी सोसलं त्या गावाने आपली वाट कधीच काढली आहे.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी संपल्यावर गोव्यात गावात घर घ्यायचं म्हणतो. पण ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणून वागवतील का, अशी धास्ती वाटते. – एक वाचक, ठाणे

ताई, धास्ती बाळगू नका, पण गाव कशावर रागावलंय ते समजून या.

आमच्याकडे शेतजमिनीचा मोठा भाग पूर्वापार गावकरीचा, म्हणजे कोमुनिदादचा, गावाच्या सामाईक मालकीचा. नद्यांच्या काठी खाजन शेतं आहेत, भरतीच्या पाण्यापेक्षाही सखल. बांध घालून आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं वेळेवर उघडून-मिटून पूर्वजांनी ती खाऱ्या पाण्यातून काढली. मानशीचं दार म्हणजे गावाचा श्वास. एकाने शेतात भराव टाकला तर पाणी दुसऱ्याच्या घरात शिरतं. गेली काही वर्षं डोंगर कापून, शेतं बुजवून बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहतात. वर्षातले अकरा महिने कुलूप, आणि गावची विहीर आटलेली. पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट, जिच्यावरून बायका देवळात जायच्या किंवा खुरसाकडे (क्रुसाकडे) लदिन, म्हणजे प्रार्थना, म्हणायला जायच्या, तिच्यावर फाटक येतं. राग त्या फाटकाचा आहे. रविवारी ग्रामसभेला जाऊन बसा, तुम्हाला तो ऐकू येईल.

व्यवहाराचं थोडं सांगते, कारण माणसं इथेच फसतात. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता, वेगळा करार नसेल तर, सामाईक असते, आणि मुलांना वारसातून पूर्ण वगळता येत नाही. तेव्हा विकणाऱ्या प्रत्येक वारसाची आणि त्याच्या जोडीदाराची सही लागते. एक भाऊ मुंबईत, एक बहीण कॅनडात, अशी घरं असतात. ‘त्यांचं मी बघतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (तुमच्याकडचा सात-बारा) काढा, त्यात कुळाचं नाव आहे का पाहा, जागेत मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर आहे का ते स्वतः जाऊन पाहा. मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण आहे. तो तुमच्या आधीपासून तिथला आहे. शेतजमीन ‘नंतर बदलून देतो’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

आणि आलात की राहा. बंद घर गावाला नको असतं. आमच्या वाड्यावर पुण्याचं एक जोडपं आहे. ते पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, रोज उंडे घेतात, गणपतीत घुमटाच्या आरतीला येतात, कोणाकडे मयत झालं तर जातात. त्यांना आता कोणी भायले म्हणत नाही. पदेर एखाद्या सकाळी त्यांच्या दाराशी थांबला नाही तर शेजारीणच विचारते, कुठे गेले हे?

प्रश्न : खाणी बंद झाल्या तेव्हा लोक आनंदले की दुःखी झाले? – एक वाचक, चंद्रपूर

तुम्ही खाणीच्या जिल्ह्यातले, तुम्हाला हे समजेल. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं लोहखनिज थांबवलं. मधे थोडं सुरू झालं, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबलं. माझं माहेर त्या पट्ट्यातलं. ट्रकांच्या रांगेत शाळेची मुलं अडकायची, भाताच्या पानांवर लाल धूळ, विहिरी खोल गेलेल्या. बंदी आली त्या पावसाळ्यानंतर माझ्या वहिनीने अंगणात कपडे वाळत घातले आणि ते पांढरेच राहिले. त्याच अंगणात माझ्या भावाचे कर्जावर घेतलेले दोन ट्रक उभे होते. एकाच घरात एक जण सुटला आणि एक जण बुडाला. भावाने एक ट्रक भंगारात दिला, दुसऱ्यावर आता तो भाजी आणतो. शेती पुन्हा करू म्हटलं तर शेतात खाणीचा गाळ. ज्यांनी पैसा केला ते त्या गावात राहत नव्हते, एवढं मात्र मी ठामपणे लिहिते. काही पट्ट्यांत आता लिलावानंतर काम पुन्हा सुरू होतंय. निदान या वेळी गाळ शेतात येणार नाही, एवढीच हमी गावं लेखी मागत आहेत, आणि ती मिळाल्याशिवाय एकही ट्रक हलू नये असं माझं मत आहे.

प्रश्न : मी पुण्यात पत्रकारिता शिकते. गोव्यातल्या लोकांशी बोलायला यायचंय. कधी येऊ आणि काय विचारू? – एक विद्यार्थिनी

ये, बाळ. किनाऱ्यावर उतरू नकोस, तिथे बोलायला फुरसत असलेला माणूस मिळणार नाही. रायबंदरहून फेरीने चोडणला ये, फेरीत शेजारच्याशी बोल. मराठीत बोललीस तरी समजेल, उत्तर कोकणीत येईल आणि तुलाही समजेल. ‘तुम्ही मराठी की कोकणी’ हा प्रश्न पहिला टाकू नकोस. ‘गाव कुठलं’ विचार आणि गप्प बस. फोन लगेच बाहेर काढू नकोस. मासळीवालीशी बोलायचं तर आधी मासळी घे. जेवायला थांब म्हटलं तर थांब.

दिवस विचारतेस तर आषाढी एकादशीनंतरचा. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात भजन संपलं की पुढच्या मैदानावर चिखलकाला असतो. मुलं, बाप्ये, म्हातारे तेल लावून चिखलात उतरतात आणि आम्ही बायका कडेला उभ्या राहून नावाने हाका मारतो. देव मूळचा चोडणचा, पोर्तुगिजांच्या धाकाने नदी ओलांडून इकडे आणलेला. माझं घर देवळापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मासिकाच्या पत्त्यावर आधी दोन ओळी टाक, म्हणजे तुझं जेवण धरून ठेवीन. पाऊस जोराचा असतो त्या दिवसांत, कपड्यांचा एक जोड जास्त आण.